भाषा तेवढी सुधारली

नाचणे रस्त्यावर ताम्हणकर सरांचं घर कुठलं, असं कुणालाही विचारा. तो नुसतं बोट दाखवून थांबणार नाही, वर एखादी गोष्टही ऐकवेल. अमक्याच्या मुंजीची पत्रिका सरांनी लिहिली. तमक्याच्या सत्काराचं मानपत्र सरांनी लिहिलं आणि ते ऐकता ऐकता सत्कारमूर्ती व्यासपीठावरच डोळे पुसायला लागली. परशुराम ताम्हणकर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते खरे, पण गावाने त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. गणपतीपुळ्याच्या एखाद्या लॉजवाल्याला पाटीवर काय लिहावं हे सुचलं नाही, तरी तो गाडी काढून सरांच्या ओटीवर येऊन बसायचा.

सरांचं एक ठाम मत होतं. जगात वाईट गोष्टी पुष्कळ घडतात, पण वाईट शब्दांतच सांगावी लागेल अशी त्यातली एकही नाही. दारूपायी गेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीत त्यांनी 'मोकळ्या स्वभावाचे' असं लिहिलं. आयुष्यभर बायकोवर हात टाकणारा एक म्हातारा त्यांच्या लेखणीखालून 'करारी' होऊन बाहेर पडला. त्याच्या बायकोनेच घरी येऊन सरांचे आभार मानले, तेव्हा सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट त्यांनी ती गोष्ट चार लोकांना सांगितली.

तेजस्वी ही त्यांची एकुलती एक मुलगी. रसायनशास्त्र शिकलेली, तिशीला टेकलेली, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात लॅब सांभाळणारी. कुठल्या गाडीतला माल गोडीला कमी आहे, कुठल्या डब्याला झाकण नीट बसलेलं नाही, हे तिने सांगायचं आणि तिने नाही म्हटलं की माल अडायचा. त्या कामाचा तिला तोरा होता आणि तो तिला शोभायचाही. पण कागदावर चार ओळी लिहायची वेळ आली की ही सगळी ऐट गळून पडायची. शाळेतल्या निबंधापासून नोकरीच्या अर्जापर्यंत तिचं एकही लिखाण बाबांनी तपासल्याशिवाय घराबाहेर गेलं नव्हतं. शब्द हे बाबांचं खातं, असं त्या घरात कुणीही न ठरवता ठरून गेलं होतं. म्हणून त्या रविवारी सकाळीसुद्धा तिने तो कागद सरळ नेऊन त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"वाचून बघा एकदा," ती म्हणाली. "उद्या ऑफिसात द्यायचाय."

काय झालं हे तिने आदल्या रात्री आईला सांगितलं होतं आणि आईने बाबांना. म्हणजे आईने जेवढं सांगितलं तेवढं. कागदावर मात्र तिने सगळं लिहिलं होतं, जसं झालं तसं. उत्पादन विभागाचे प्रमुख यज्ञेश ओळकर लॅबमध्ये आले. त्यांनी दार लावलं. मागून येऊन माझी छाती दाबली. मी सोडा म्हणाले, दोनदा म्हणाले, तरी सोडलं नाही. ते गेल्यावर मला ओकारी आली. एवढंच. ना मायना धड, ना शेवट.

सरांनी वाचलं आणि चष्मा काढला. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि नारळाच्या आळ्यापाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. त्यांना मुलीचं काहीच वाटलं नाही असं कुणी म्हणू नये. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. चहावर साय धरली होती. त्यांनी कप बाजूला सारला आणि खिशातलं पेन काढलं. इथेच घोटाळा झाला. बाप म्हणून जेवढं रडायचं तेवढं ते अंगणात रडून आले होते आणि टेबलाशी येऊन बसले ते सर.

"तेजू, हे असं देता येणार नाही."

"असंच झालंय, बाबा."

"झालंय गो. मी कुठे नाही म्हणतोय? पण हा कागद कोण कोण वाचेल, विचार कर. ऑफिसातले कारकून वाचतील, शिपाईसुद्धा वाचेल. हे शब्द वाचले की त्यांच्या डोळ्यांपुढे ओळकर नाही उभा राहायचा. तू उभी राहशील."

हे तेजस्वीला पटलं. कारखान्यातली माणसं तिला माहीत होती. कुणाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील, हेही तिला ठाऊक होतं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आहे तसं जाऊ दे की. तुम्हाला काय बारशाची पत्रिका लिहायचीय?"

"तू यात पडू नकोस," सर म्हणाले. "लिखाणाला एक पातळी असते. आपण ती सोडली की समोरचा म्हणतो, ही बाईच तसली."

आणि त्यांनी तांदळातले खडे वेचावेत तसे एकेक शब्द वेचायला सुरुवात केली. 'छाती' गेली. 'दाबली' गेलं. तिथे 'मर्यादेबाहेरील सलगी दाखवली' आलं. 'दार लावलं' हे त्यांना सूचक वाटलं. तिथे 'दालनात आम्ही दोघेच असताना' असं झालं. 'सोडा म्हणाले, दोनदा म्हणाले' याचं 'मी नापसंती व्यक्त केली' झालं. शेवटच्या वाक्यापाशी सर जरा थांबले, आणि 'ओकारी' खोडून त्यांनी वर नीट अक्षरात लिहिलं, 'संकोच'.

"संकोच नव्हता वाटला," तेजस्वी म्हणाली. "ओकारी आली होती. बेसिनमध्ये ओकले मी, बाबा."

"हो गो. लिखाणात त्यालाच संकोच म्हणतात. वाचणाऱ्याला कळतं."

मग त्यांनी चांगल्या कागदावर आपल्या वळणदार अक्षरात सगळं उतरवून काढलं, 'महोदय'पासून 'कळावे'पर्यंत. वाचून दाखवलं. ऐकताना तेजस्वीला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. ते दुसऱ्याच कुणाचं तरी झालं होतं. एखाद्या सुसंस्कृत घरातल्या सुसंस्कृत मुलीशी कुणी तरी जरा जास्त जवळीक केली होती आणि तिला ते आवडलं नव्हतं. ज्या गोष्टीने तिची झोप उडवली होती तिच्यावर बाबांनी पांघरूण घातलं होतं आणि त्या पांघरुणाखाली तिला थोडा वेळ ऊब मिळाली. तिने सही केली. तिचा कच्चा कागद सरांनी फाडून बंबात टाकला. कच्चं लिखाण घरात ठेवायचं नाही, ही त्यांची शाळेपासूनची शिस्त होती.

तेजस्वीला फार काही नको होतं. ओळकरला तुरुंगात घाला असं तिने कुठेच म्हटलं नव्हतं. तो त्या इमारतीतून जावा आणि आपली लॅब आपल्याकडे राहावी, इतकंच. हंगाम तोंडावर आला होता. एकदा गाड्या लागायला लागल्या की लॅब आणि उत्पादन विभाग दिवसरात्र एकमेकांच्या अंगाला अंग लावून काम करायचे, आणि त्या गर्दीत त्या माणसासोबत उभं राहणं तिच्याच्याने होणार नव्हतं. तक्रार टिकली तर तो जाणार. नाही टिकली तर तिला जावं लागणार. मधली वाट नव्हती.

अशा तक्रारी ऐकायला कारखान्यात कायद्याने नेमलेली समिती होती. अध्यक्ष सुनेत्रा मॅडम, प्रशासन विभागाच्या. केस पांढरे झालेल्या, कुणाशी भांडण नको असलेल्या. बाहेरून नेमलेल्या सदस्य मनस्विनी वकील, कोर्टातून काळा कोट हातावर टाकूनच यायच्या. तिसरे एक सदस्य होते, ते दोन्ही बैठकांना आले आणि दोन्ही वेळा काहीच बोलले नाहीत.

ओळकरचा खुलासा आला. तेजस्वी मला मुलीसारखी आहे, त्याने लिहिलं होतं. तिच्या कामाचं कौतुक करताना वडीलकीच्या नात्याने मी पाठीवर थाप मारली असेन. तिने त्याला सलगी म्हटले आहे, ते मी नाकारत नाही; माणसे आपली वाटली की सलगी होते. तिला त्याचा संकोच वाटला असल्यास मी मनापासून दिलगीर आहे.

पहिल्या बैठकीत सुनेत्रा मॅडमनी तो खुलासा वाचून दाखवला तेव्हा तेजस्वीची कानशिलं तापली. ओळकरला एकही शब्द स्वतःचा शोधावा लागला नव्हता. सरांनी पायघड्या घालून ठेवल्या होत्या, तो त्यांच्यावरून चालत आला होता.

"पाठीवर थाप नव्हती ती," ती म्हणाली, आणि मग तिने झालं ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज चिरकला, पण तिने सगळं सांगितलं.

मनस्विनी वकिलांनी अर्ज पुन्हा वर घेतला. "हे तुमच्या अर्जात नाही."

"नाही."

"दार लावल्याचं नाही. तुम्ही सोडा म्हणालात, ते नाही. अर्जात आहे, नापसंती व्यक्त केली. चहात साखर जास्त झाली तरी माणूस नापसंती व्यक्त करतो हो. एवढी मोठी गोष्ट झाली, आणि तुम्ही लिहिताना संकोच लिहिलंत?"

"मी नाही लिहिलं. बाबांनी शब्द बदलले."

"सही तुमची आहे."

"हो."

"ताम्हणकर सरांचा अर्ज आहे होय," सुनेत्रा मॅडम एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "तरीच म्हटलं, इतका छान लिहिलेला अर्ज आमच्याकडे कधी येत नाही."

वकीलबाई वाईट नव्हत्या. त्यांनी तेजस्वीला नीट समजावून सांगितलं. अर्जात एक आणि तोंडी दुसरं असलं की समोरचा म्हणणार, मागाहून वाढवून सांगितलं. कच्चा कागद आहे का? नाही? मग तुमच्या वडिलांना पुढच्या बैठकीला आणा. मुळात काय लिहिलं होतं ते त्यांनी फक्त सांगावं. शब्द वडिलांनी बदलले आणि मूळचे शब्द हे होते, एवढं नोंदलं गेलं, तर मी पुढे बघते.

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते सरांच्या तोंडावर. ज्या माणसाच्या तोंडात शब्द नाही असं रत्नागिरीत कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"येतो की," सर लगेच म्हणाले. "न यायला काय झालं? खरं ते सांगायला भीती कसली?" आणि त्या दिवशी त्यांनी आपणहून धोतर नको, पँट-शर्टच बरा दिसेल, असंही ठरवून टाकलं.

पण आई सरांना चाळीस वर्षं ओळखत होती. बैठकीच्या आदल्या दिवशी जेवताना ती सरळ म्हणाली, "तिथे काय सांगणार ते इथे म्हणून दाखवा बघू."

"म्हणजे?"

"तिचं वाक्य. तुम्ही खोडलंत ते. म्हणा."

सरांनी आमटीची वाटी उगाच इकडची तिकडे केली. "जेवणाच्या पानावर कसलं बोलतेस?"

"मग हात धुऊन ओटीवर बसून म्हणा. मी येते ऐकायला."

"मी उद्या तिथे सांगेन. मला काय ते वाक्य आठवत नाही असं वाटतं तुला? अक्षर न अक्षर आठवतंय." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम पडला. "बाप आहे गो मी. मला झोप लागत नाही त्या वाक्यापायी."

तेजस्वीने मान वर केली. तिला बाबांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती काहीच बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, त्या पानावरच बोलायला हवं होतं. बाबा, तुम्हाला जे वाक्य म्हणवत नाही ते माझ्या अंगावर झालंय, असं सांगायला हवं होतं. पण त्या घरात भांडणसुद्धा शुद्ध भाषेत करायची रीत होती, आणि या भांडणाला लागणारे शब्द तिच्याकडे तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना आपल्या स्कूटरवर मागे बसवून मिरजोळ्याला घेऊन गेली. बैठकीच्या खोलीत गेल्या गेल्या टेबलाच्या टोकाला वही उघडून बसलेला कारकून धडपडत उठला आणि सरांच्या पाया पडला. तो संदेश. पालीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, सरांच्या हाताखाली शिकलेला. समितीचं कामकाज लिहून घ्यायचं काम त्याच्याकडे होतं.

"बस, बस. अक्षर अजून तसंच आहे ना?" सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. खोलीचा नूर तिथेच बदलला. सुनेत्रा मॅडमनी पंखा वाढवायला सांगितला. न बोलणाऱ्या सदस्यांनी आपली खुर्ची सरांना दिली.

मनस्विनी वकिलांनी विचारलं, "सर, हा अर्ज तुम्ही लिहिलात?"

"मजकूर मुलीचा. मी फक्त संस्कार केले."

"मुलीने आधी लिहिलेल्या कागदात वेगळे शब्द होते, असं ती म्हणते. खरं आहे?"

"होय. लिखाण कच्चं होतं. भावनेच्या भरात माणूस लिहितो तेव्हा भाषेचा तोल जातो. तो सावरणं मला माझं कर्तव्य वाटलं." सर बोलायला लागले आणि छान बोलले. सार्वजनिक लिखाणात शालीनता का हवी, तरुण मुलीचं नाव कागदोपत्री फिरताना बापाच्या जिवाचं काय होतं, हे त्यांनी असं सांगितलं की सुनेत्रा मॅडमनी रुमाल काढला. तेजस्वी टेबलाखाली नखाने नख कुरतडत होती. बाबा, पुढे चला, ती मनात म्हणत होती. वाक्य सांगा.

"कळलं, सर," वकीलबाई म्हणाल्या. "आता मूळचे शब्द काय होते, तेवढे सांगा. आम्हाला तेच हवे आहेत."

सरांनी तोंड उघडलं. जीभ रेटेना. समोर दोन बायका होत्या, त्यातली एक त्यांच्या बहिणीच्या वयाची. शेजारी विद्यार्थी होता, त्याची लेखणी तयार होती. आणि सगळ्यांमध्ये स्वतःची मुलगी बसली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यात जो शब्द चारचौघांत उच्चारला नव्हता तो आता मुलीच्या नावापुढे लावून उच्चारायचा होता.

"अशाच अर्थाचं होतं काहीतरी," ते म्हणाले.

"कशा अर्थाचं?"

"म्हणजे... जे अर्जात आहे, त्याच अर्थाचं. जरा भडक शब्द होते, इतकंच."

"सर, नीट विचार करून सांगा. आशय तोच होता, असं तुमचं म्हणणं आहे का? सलगी आणि संकोच?"

वकीलबाईंनी दार उघडून धरलं होतं. नाही म्हणायचं होतं फक्त. वाक्य नको, शब्द नको, नुसतं नाही. पण सरांना त्या प्रश्नात दुसरंच काहीतरी ऐकू आलं. त्यांना वाटलं, आपल्या लिखाणावर संशय घेतला जातोय. आशय बदलला म्हणजे लिहिणारा खोटा ठरला. जन्मभर पत्रिका, मानपत्रं, श्रद्धांजल्या लिहिल्या, पण ताम्हणकरांनी अर्थाचा अनर्थ केला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"आशयाला मी कधीच धक्का लावत नाही," ते ताठ बसून म्हणाले. "आशय तोच. भाषा तेवढी सुधारली."

संदेशने ते लगबगीने लिहून घेतलं. मनस्विनी वकिलांनी पेनाचं टोपण लावलं आणि तेजस्वीकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. तेजस्वीला ती सहन झाली नाही.

"मी सांगते," ती म्हणाली. "लिहून घ्या. त्यांनी दार लावलं. मागून येऊन माझी छाती दाबली. मी सोडा म्हणाले. सोडलं नाही. परत सोडा म्हणाले."

या वेळी तिचा आवाज चिरकला नव्हता. सुनेत्रा मॅडम टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होत्या. संदेशची लेखणी 'मागून येऊन'पाशी थांबली होती. त्याचे कान लाल झाले होते. त्याने वर पाहिलं, पण तेजस्वीकडे नाही आणि अध्यक्षांकडेही नाही. शाळेत अडलं की पाहायचा तसं त्याने सरांकडे पाहिलं.

"सर, ह्याला काय लिहू?"

आणि सरांना शब्द सुचला. इतका वेळ न सापडलेला आवाज त्यांना सापडला, आणि तो वर्गातला आवाज होता, शांत आणि खात्रीचा.

"'अनुचित वर्तन' लिही," ते म्हणाले.

संदेशने तसं लिहिलं.

"मी बोलले ते लिहा," तेजस्वी म्हणाली.

"अगं, दोन्हीचा अर्थ एकच आहे," सुनेत्रा मॅडम म्हणाल्या. "उगाच वहीत कशाला ते शब्द? पुढे दहा जण बघणार." वकीलबाई मध्ये बोलल्या, तिचेच शब्द लिहायला हवेत म्हणाल्या, आणि मग समासात ते बारीक अक्षरात लिहिलं गेलं. पण आता त्याचा उपयोग नव्हता, हे वकीलबाईंनाही माहीत होतं आणि तेजस्वीलाही. बापानेच आशय तोच म्हणून सांगितलं होतं. मुलगी अर्जात एक म्हणते, तोंडी दुसरं म्हणते, आणि बाप अर्जाच्या बाजूने उभा राहतो. यापुढे ओळकरला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

लेखी निकाल नंतर येणार होता. पण सुनेत्रा मॅडम त्यांच्यामागोमाग पायऱ्या उतरून आल्या आणि चांगल्या मनाने म्हणून तिथेच सांगून गेल्या. ओळकर साहेबांना समज देण्यात येईल. हंगाम तोंडावर आहे, या वेळी त्यांना हलवता येत नाही. तू मात्र थोडे दिवस पालीच्या खरेदी केंद्रावर बस. तिथे लॅब नाही, पण डोक्याला शांतता आहे. "तुझ्या सोयीसाठीच करतोय आम्ही," त्या म्हणाल्या. सर शेजारी उभे राहून मान हलवत होते.

तेजस्वीच्या लॅबची खिडकी तिथून दिसत होती. आत तिच्या हाताखालची मुलगी नमुने मांडत होती. आता ते नमुने ओळकरच्या सांगण्यावरून पास होणार होते.

ती गाडी काढायला वळली तेव्हा ओळकर समोरून आला. रसाच्या टाक्यांकडून येत होता, डोक्यावर कामाची पांढरी टोपी होती. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. सरांना पाहून तो थांबला, टोपी काढली आणि वाकून हात जोडले.

"नमस्कार, सर. तुम्ही स्वतः आलात. उन्हाचे आलायत, आत या, चहा घेऊन जा."

सरांनी हात जोडले. अगदी नीट, छातीपाशी.

"नको, नको," ते म्हणाले. "पुन्हा कधीतरी."

ओळकर हसला आणि आत गेला. सरांचे हात थोडा वेळ तसेच जोडलेले राहिले. मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते घाईघाईने मुलीकडे वळले. चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"रीत असते गो, तेजू," ते म्हणाले. "मनात काही नव्हतं. आपोआप तोंडातून निघालं."

"हे बरं आपोआप निघालं, बाबा," ती म्हणाली.

सर स्कूटरवर मागे बसायला पुढे झाले. तिने मान हलवून नाही म्हटलं, गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर रिक्षा मिळते, एवढं सांगून ती एकटीच निघून गेली.